'श्रावणमासी' लिहिणाऱ्या बालकवींचा जीव भादली स्टेशनजवळच्या रुळांवर कसा गेला?

'औदुंबर', 'फुलराणी', 'श्रावणमास' या कविता शाळेत प्रत्येकाने वाचल्यात. पण त्या लिहिणारा माणूस वयाच्या २७ व्या वर्षी जळगावजवळ रेल्वेखाली सापडून गेला, हे अनेकांना ठाऊक नसतं.

त्र्यंबक बापूजी ठोमरे यांचा जन्म १३ ऑगस्ट १८९० चा, धरणगावचा. वडील पोलीस खात्यात, त्यामुळे बदल्यांच्या मागे खानदेशभर बिऱ्हाड फिरायचं. तेव्हा जळगाव आणि धुळे हा एकच खानदेश जिल्हा होता. १९०६ मध्ये त्याचे पूर्व आणि पश्चिम असे दोन तुकडे झाले.

पुढच्याच वर्षी जळगावात पहिलं महाराष्ट्र कविसंमेलन भरलं. अध्यक्ष होते डॉ. कान्होबा रणछोडदास कीर्तिकर, पेशाने डॉक्टर आणि औषधी वनस्पतींचे मोठे अभ्यासक. जेमतेम १६-१७ वर्षांच्या ठोमरेंची कविता ऐकून त्यांनी 'बालकवी' ही पदवी दिली. ती इतकी चिकटली की खरं नाव मागेच पडलं.

याच काळात रेव्हरंड ना. वा. टिळकांची नजर या मुलावर पडली. पुढे ते टिळकांच्या घरी नगरला राहिले, मिशनच्या शाळेत शिकवलं. लक्ष्मीबाई टिळकांनी त्यांच्यावर पोटच्या पोरासारखी माया केली. 'स्मृतिचित्रे' मध्ये हा हट्टी, हळवा, क्षणात रुसणारा ठोमरे भेटतो. संसार मात्र सुखाचा झाला नाही. पैशांची ओढाताण कायमची, आणि शेवटच्या काही वर्षांतल्या कविताही उदास होत गेल्या.

५ मे १९१८. भादली हे जळगाव आणि भुसावळ यांच्यामधलं छोटं स्टेशन. रूळ ओलांडताना बालकवी गाडीखाली आले आणि जागीच गेले.

त्या क्षणाची हकिगत अशी सांगितली जाते. मालगाडी येताना दिसली, पण ती शेजारच्या रुळावरून जाईल असं त्यांना वाटलं. तेवढ्यात चप्पल तारेत अडकली. ती सोडवायला ते वाकले आणि गाडी नेमकी त्याच रुळावर आली.

कवी होता, आपल्याच तंद्रीत असेल, असं म्हणून विषय संपवणं सोपं आहे. पण या हकिगतीत तंद्रीचा भाग फारसा नाही. गाडी दिसत होती, अंदाज चुकला. मोठी वस्तू आहे त्यापेक्षा हळू येतेय असं डोळ्यांना वाटतं. समोरून येणारी गाडी कोणत्या रुळाला लागणार हे सांधे बदलण्याच्या जागी उभं राहून कळत नाही. आणि भरलेली मालगाडी ब्रेक लावल्यावरही शेकडो मीटर पुढे सरकत राहते. ड्रायव्हरला माणूस दिसला तरी तो काही करू शकत नाही.

शेजारच्या रुळाचा हा धोका याच जिल्ह्यात पुन्हा दिसला. २२ जानेवारी २०२५ ला पाचोरा तालुक्यात परधाडे स्टेशनजवळ पुष्पक एक्स्प्रेसमध्ये आगीची अफवा पसरली. साखळी ओढून लोक घाबरून खाली उतरले, ते थेट बाजूच्या रुळावर. समोरून कर्नाटक एक्स्प्रेस आली. किमान १२ जणांचा जीव गेला. डब्यात आग नव्हतीच.

विनापरवाना रुळावर जाणं तेव्हाही गुन्हा होता. तो कायदा १८९० चा, म्हणजे बालकवींच्याच वयाचा. आजच्या १९८९ च्या रेल्वे कायद्यात कलम १४७ नुसार सहा महिन्यांपर्यंत कैद, १००० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. तरी पादचारी पूल चढायचा कंटाळा म्हणून रूळ ओलांडणारे कुठल्याही स्टेशनवर दिसतात.

बालकवींच्या बऱ्याच कविता अर्धवट राहिल्या. समग्र कविता एकत्र झाल्या त्या त्यांच्या मृत्यूनंतर. टिळकही पुढच्याच वर्षी, मे १९१९ मध्ये गेले.