चार्ल्स बॅबेज : अचूक अंकांचा उपासक

गणित बरोबर सोडवणे आणि त्याचे उत्तर कागदावर बरोबर उतरणे ह्या दोन भिन्न गोष्टी आहेत. ह्या दोन्हींचा एकत्र विचार करून ज्याने आपले आयुष्य वेचले, त्या चार्ल्स बॅबेजचे चरित्र विद्यार्थ्यांनी मनन करावे असेच आहे.

बॅबेजचा जन्म २६ डिसेंबर १७९१ रोजी लंडन येथे एका सधन पेढीवाल्याच्या घरी झाला. केंब्रिज येथे गणिताचे अध्ययन करीत असता जॉन हर्शेलशी त्याचा दृढ स्नेह जडला. १८२१ साली हे दोघे मित्र खगोलशास्त्राची कोष्टके ताडून पाहत होते, तो चुकांमागून चुका आढळू लागल्या. त्या काळी दर्यावर्दी लोक अशाच छापील कोष्टकांवर विसंबून जहाजे हाकारीत. एका चुकीच्या अंकापायी माणसांचे प्राण संकटात पडावेत अशी स्थिती होती! आकडेमोड करणारा चुके, नक्कल करणारा चुके. आणि ह्यांतून बचावलेले उत्तर छापखान्यात खिळे जुळवताना बिघडे. हे सारे कार्य यंत्राकडेच का सोपवू नये, ह्या विचाराने बॅबेजला पछाडले.

१८२२ साली त्याने एक लहानसा नमुना सिद्ध केला व पुढील वर्षी सरकारी साहाय्यही मिळाले. नियोजित यंत्र केवळ बेरजा करून थांबणारे नव्हते. उत्तराचे अंक स्वतःच उमटवून ते छपाईचा साचाही तयार करणार होते. मध्ये मनुष्याचा हात लागावयाचाच नाही! १८२७ साली पिता व पत्नी निवर्तल्याने त्याच्यावर दुःखाचा डोंगर कोसळला. तरीही त्याने हाती घेतलेले कार्य सोडले नाही. कोणत्या रंगाच्या कागदावर अंक डोळ्यांस सुलभ वाटतात, ह्याचेही त्याने प्रयोग केले.

परंतु कारागिराशी बिनसले, १८३३ साली काम थांबले आणि सतरा हजार पौंडांहून अधिक खर्च झाल्यावर १८४२ साली सरकारने हात आखडला. दरम्यान १८३४ पासून तो अधिक समर्थ अशा दुसऱ्या यंत्राचे आराखडे रेखाटू लागला होता. त्यात छिद्रे पाडलेल्या पत्त्यांची योजना होती. काही पत्ते यंत्राला क्रिया सांगत, तर काही प्रत्यक्ष संख्याच पुरवीत. उत्तर यंत्रानेच छापावयाचे. आज आपण संगणकाच्या आज्ञावलीत संख्या जशीच्या तशी लिहितो व उत्तर छापण्याची आज्ञा देतो. त्याचे बीज येथे दिसते.

१८ ऑक्टोबर १८७१ रोजी बॅबेज निवर्तला. त्याचे एकही मोठे यंत्र तोवर पूर्ण झाले नव्हते. पुढे १८४७ ते १८४९ ह्या काळातील त्याच्या आराखड्यांवरून लंडनच्या विज्ञान संग्रहालयाने १९९१ साली यंत्राचा गणन करणारा विभाग आणि २००२ साली छपाईचा विभाग उभारला. सुमारे आठ हजार भागांपैकी निम्मे एकट्या छपाईसाठी लागले! यंत्र चालले, अंक अचूक उमटले.

विद्यार्थी मित्रहो, उत्तर सापडले म्हणजे कार्य संपले नाही. ते शुद्ध स्वरूपात दुसऱ्याच्या हाती पोहोचले पाहिजे. ह्या शेवटच्या पायरीसाठी बॅबेजने निम्मे यंत्र राखून ठेवले होते, हे आपण विसरू नये.