हकीम अजमल खान आणि सर्पगंधेची मुळी

दिल्लीच्या बल्लीमारान भागातल्या ‘शरीफ मंझिल’मध्ये पिढ्यान्‌पिढ्या हकिमी चालत आलेली होती. याच घराण्यात १८६८ साली अजमल खान जन्मले. कुराण, अरबी, फारसी शिकत ते वडीलधाऱ्यांकडून नाडीपरीक्षा शिकले. पुढे काही वर्षे रामपूरच्या नवाबांचे हकीम म्हणून राहिले. ‘हाजिक-उल-मुल्क’ हा सरकारी किताब त्यांना मिळाला. असहकाराच्या काळात त्यांनी तो परत केला, तेव्हा लोकांनी त्यांना ‘मसीह-उल-मुल्क’ म्हणायला सुरुवात केली. १९२१ साली अहमदाबादच्या काँग्रेस अधिवेशनाचे अध्यक्षपद त्यांनी सांभाळले. जामिया मिल्लियाचे ते पहिले कुलपती.

पूर्वजांच्या विद्येचा त्यांना अभिमान होता, पण ती तपासून घ्यायला ते कधी कचरले नाहीत. १९११ साली युरोपात जाऊन त्यांनी तिथली रुग्णालये पाहिली. दिल्लीत त्यांनी उभारलेल्या तिब्बिया कॉलेजात युनानी आणि आयुर्वेद एकाच छताखाली आले आणि जोडीला आधुनिक शरीरशास्त्रही शिकवले जाऊ लागले. १९२१ साली महात्मा गांधींच्या हस्ते त्याचे उद्घाटन झाले. जुन्या औषधांवर रसायनशास्त्राच्या कसोटीने संशोधन व्हावे, ही हकीमसाहेबांची इच्छा होती. त्यासाठी जर्मनीत शिकलेल्या सलीमुझ्झमाँ सिद्दिकी या तरुण रसायनशास्त्रज्ञाला त्यांनी हाताशी धरले.

१९२७ च्या अखेरीस हकीमसाहेब गेले. सिद्दिकींनी तिब्बिया कॉलेजात काम पुढे नेले आणि सर्पगंधेची मुळी हाती घेतली. वेड, निद्रानाश, अस्वस्थपणा यांवर ही मुळी पूर्वापार दिली जाई. बिहारकडे तर ती ‘पागल की दवा’ म्हणूनच विकली जाई. १९३१ साली सिद्दिकींनी तिच्यातून काही द्रव्ये वेगळी केली आणि त्यांतल्या एकाला गुरूच्या स्मरणार्थ ‘अजमलीन’ नाव दिले. हृदयाच्या बिघडलेल्या ठोक्यांवरचे औषध म्हणून ते पुढे ओळखले गेले.

मुळीची कहाणी तिथे थांबली नाही. मुंबईचे डॉ. रुस्तम जाल वकील यांनी रक्तदाबाच्या रुग्णांवरचे तिचे अनुभव १९४९ साली ब्रिटिश नियतकालिकात मांडले. १९५२ साली स्वित्झर्लंडमध्ये तिच्यातून ‘रेसर्पिन’ वेगळे करण्यात आले. मनोरुग्णालयांत ते दिल्यावर अनेक अस्वस्थ रुग्ण शांत झाले. म्हणजे जुन्या वैद्य-हकिमांचा अनुभव पोकळ नव्हता. पण याच औषधाने काही रुग्णांना गडद उदासीनतेने घेरल्याच्या, आत्महत्येचे विचार येऊ लागल्याच्या नोंदीही आल्या. रक्तदाब वाजवीपेक्षा खाली जाणे, सुस्ती येणे हे त्रास होतेच. यथावकाश नवी औषधे आली आणि मानसिक आजारांसाठी रेसर्पिनचा वापर मागे पडला.

ज्या मुळीत मन शांत करण्याची ताकद आहे, तिच्यात अपाय करण्याचीही आहे. पुडीतल्या चूर्णात औषधी द्रव्य किती, हे डोळ्यांना दिसत नाही. नैराश्य असलेल्याने सर्पगंधा घेणे धोक्याचे आहे, आणि रक्तदाबाच्या गोळ्या चालू असताना ती घेतली तर रक्तदाब एकदम घसरू शकतो. म्हणून मनाच्या आजारावर कोणतीही जडीबुटी घेत असलेल्याने ते डॉक्टरांपासून लपवू नये. आणि चालू असलेली गोळी कुणाच्या सांगण्यावरून परस्पर बंद करू नये. बुटीची कदर करायची आणि तिची परीक्षाही घ्यायची, हीच अजमल खानांची रीत होती.