विश्लेषण : ल्युकेमियावरील औषधामागचे सुब्बाराव शोधनिबंधांत का सापडत नाहीत?

संशोधक किती मोठा, हे ठरवताना हल्ली पहिली नजर आकड्यांवर जाते. शोधनिबंध किती, इतरांनी त्यांचा उल्लेख किती वेळा केला, एच-इंडेक्स किती. डॉ. येल्लाप्रगडा सुब्बाराव (१८९५-१९४८) यांना या मोजपट्टीवर ठेवले की विचित्र चित्र दिसते. त्यांच्या ज्या निबंधाचा हजारो वेळा उल्लेख झाला, त्याचा कर्करोगाशी संबंध नाही. आणि ज्या निबंधाने लहान मुलांच्या रक्ताच्या कर्करोगावरील औषधोपचाराची सुरुवात झाली, त्याच्या लेखकांत ते नाहीत.

सुब्बाराव कोण होते?

तत्कालीन मद्रास प्रांतातील भीमवरम येथे १२ जानेवारी १८९५ रोजी त्यांचा जन्म झाला. मॅट्रिक तिसऱ्या प्रयत्नात सुटली. मद्रास मेडिकल कॉलेजात शिकताना गांधीजींच्या आवाहनानुसार ते खादी वापरू लागले. शस्त्रक्रिया विषयाच्या इंग्रज प्राध्यापकांना ते रुचले नाही आणि सुब्बाराव यांच्या हाती एमबीबीएसऐवजी एलएमएस ही दुय्यम पदवी पडली. मद्रासच्या आयुर्वेद महाविद्यालयात काही काळ शिकवून ते अमेरिकेला गेले. हार्वर्डमध्ये शिकताना पोटापाण्यासाठी रुग्णालयात रुग्णांची भांडी उचलण्याचे काम त्यांनी केले. ते पुन्हा मायदेशी परतले नाहीत.

सर्वाधिक गाजलेला निबंध कोणता?

हार्वर्डमध्ये सायरस फिस्क यांच्यासोबत सुब्बाराव यांनी रक्त आणि लघवीतील फॉस्फरस मोजण्याची पद्धत तयार केली. नमुन्यातील फॉस्फेटची आम्लात मॉलिब्डेटशी प्रक्रिया करायची, मग एका रसायनाने त्याला निळा रंग आणायचा. रंग जितका गडद, तितका फॉस्फरस जास्त. हा निबंध १९२५ मध्ये ‘जर्नल ऑफ बायोलॉजिकल केमिस्ट्री’त आला. पुढची कित्येक दशके जगभरच्या प्रयोगशाळांत ‘फिस्क-सुब्बाराव पद्धत’ वापरली गेली आणि वापरणारा प्रत्येक जण निबंधाचा उल्लेख करत गेला.

उल्लेखांच्या हिशेबातली गोम इथेच आहे. आजवर सर्वाधिक उल्लेख झालेला शोधनिबंधही प्रथिने मोजण्याच्या पद्धतीवरचा आहे. ऑलिव्हर लाउरी आणि सहकाऱ्यांच्या १९५१ मधील या निबंधाचे उल्लेख तीन लाखांच्या वर गेले आहेत. पद्धत सांगणारा निबंध अवजारासारखा असतो. ते रोज हातात घ्यावे लागते, म्हणून त्याचा उल्लेखही रोज होतो. मूलभूत शोधाचे तसे नसते. तो पाठ्यपुस्तकात गेला की मूळ निबंध उघडायला कोणी जात नाही.

सुब्बाराव यांच्याच बाबतीत ते घडले. याच पद्धतीच्या आधारे फिस्क आणि त्यांनी १९२७ मध्ये स्नायूंतील फॉस्फोक्रिएटिन शोधले. १९२९ मध्ये एटीपी वेगळे केले. जर्मनीत कार्ल लोमान यांनीही त्याच वर्षी ते स्वतंत्रपणे केले. पेशी ज्या रेणूतून ऊर्जा खर्च करते तो हा एटीपी. शाळेच्या जीवशास्त्रात तो येतो, शोधणाऱ्यांची नावे येत नाहीत.

हार्वर्ड का सोडले?

पीएचडी १९३० मध्ये मिळाली, पण कायम नोकरी मिळाली नाही. पुढे १९८८ चे नोबेल मिळवणारे जॉर्ज हिचिंग्ज त्या काळी याच विभागात विद्यार्थी होते. फिस्क यांच्या असूयेमुळे सुब्बाराव यांचे काही काम उजेडात आले नाही आणि ते नंतर इतरांना नव्याने शोधावे लागले, असे त्यांनी लिहून ठेवले आहे. १९४० मध्ये सुब्बाराव न्यूयॉर्क राज्यातील पर्ल रिव्हर येथील लेडर्ली या औषध कंपनीत गेले आणि तेथील संशोधनाचे प्रमुख झाले.

फॉलिक आम्लाचा आणि मुंबईचा संबंध काय?

सुब्बाराव यांच्या दोन भावांचा मृत्यू स्प्रू या आतड्याच्या विकाराने झाला होता. पुढे फॉलिक आम्ल या विकारावर गुणकारी ठरले. या जीवनसत्त्वाचा पहिला माग मात्र मुंबईत लागला होता. इंग्लंडहून आलेल्या डॉ. लुसी विल्स परळच्या हाफकिन इन्स्टिट्यूटमध्ये गरोदर स्त्रियांच्या पंडुरोगाचा अभ्यास करत होत्या. शहरातील गिरणी कामगार बायकांत तो फार आढळे. यीस्टच्या अर्काने तो बरा होतो, हे त्यांनी १९३१ मध्ये प्रसिद्ध केले. अर्कातला तो घटक म्हणजे फॉलिक आम्ल.

लेडर्लीतील पथकाने ते प्रयोगशाळेत बनवले. त्याची रचना सांगणाऱ्या १९४६ च्या निबंधावर लेखकांची लांबलचक यादी आहे, सुब्बाराव त्यांतले एक.

औषध कसे तयार झाले?

नवी पेशी तयार होताना डीएनए बनवण्यासाठी फॉलिक आम्ल लागते. बोस्टनच्या बालरुग्णालयातील सिडनी फार्बर यांनी ल्युकेमियाच्या रुग्णांना फॉलिक आम्लाची संयुगे दिली, तेव्हा रोग उलट वेगाने वाढतो आहे असे त्यांना वाटले. मग फॉलिक आम्लासारखाच दिसणारा, पण त्याचे काम न करणारा रेणू दिला तर? कुलपात बसणारी, पण न फिरणारी किल्ली. ती आत अडकली की खरी किल्ली बसत नाही. लेडर्लीत असे रेणू तयार होतच होते. त्यांतला अमिनोप्टेरिन फार्बर यांनी १९४७ च्या अखेरीस वापरायला घेतला. जून १९४८ मध्ये ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये निष्कर्ष आले : १६ पैकी १० मुलांत रोग काही काळ मागे हटला होता. त्याआधी या आजाराचे निदान म्हणजे काही आठवड्यांत किंवा महिन्यांत मृत्यू, असेच समीकरण होते.

मग नाव का नाही?

फार्बर यांच्या निबंधावर पाच नावे आहेत, सगळी उपचार करणाऱ्या डॉक्टरांची. अमिनोप्टेरिनच्या निर्मितीचा निबंध १९४७ मध्ये आला. त्यावर सीगर, स्मिथ आणि हल्टक्विस्ट या रसायनशास्त्रज्ञांची नावे आहेत. हार्वर्डमध्ये काय झाले ते वेगळे, पण इथे कोणी श्रेय चोरले असे म्हणता येत नाही. ज्याने प्रत्यक्ष प्रयोग केला त्याने निबंध लिहिला. कोणत्या दिशेने जायचे हे ठरवणाऱ्या आणि माणसे जमवणाऱ्या प्रमुखासाठी लेखकांच्या यादीत रकाना नव्हता. एच-इंडेक्स २००५ मध्ये आला, पण तोही याच यादीवर चालतो. यादीत नसलेला माणूस त्याला दिसत नाही.

नावाची एक वेगळीच अडचणही आहे. तेलुगू पद्धतीत येल्लाप्रगडा हे घराण्याचे नाव आधी येते, सुब्बाराव हे स्वतःचे. अमेरिकेत तेच आडनाव झाले.

सुब्बाराव यांचे काम आज कुठे आहे?

अमिनोप्टेरिनचा भाऊबंद मेथोट्रेक्सेट आजही मुलांच्या ल्युकेमियात दिला जातो, आणि कमी मात्रेत संधिवातावरही. हत्तीरोगावरील डीईसी हे औषध सुब्बाराव यांच्या काळात लेडर्लीतच तयार झाले. गडचिरोली, चंद्रपूरसह विदर्भात सामूहिक औषधोपचार मोहिमेत घरोघरी याच गोळ्या दिल्या जातात. ऑरिओमायसिन हे पहिले टेट्रासायक्लिन प्रतिजैविकही त्याच प्रयोगशाळेतले. ते १९४८ मध्ये जाहीर झाले आणि त्याच वर्षी ऑगस्टमध्ये, वयाच्या ५३ व्या वर्षी सुब्बाराव यांचे झोपेत निधन झाले.

भारतीय टपाल खात्याने १९९५ मध्ये त्यांच्या जन्मशताब्दीनिमित्त तिकीट काढले. त्याआधीच, १९५३ मध्ये लेडर्लीतील कवकशास्त्रज्ञ हेसेल्टाइन यांनी सांडपाणी शुद्धीकरणाच्या गाळणीत सापडलेल्या एका नव्या बुरशीला ‘सुब्बारोमायसिस स्प्लेंडेन्स’ असे नाव दिले. या बुरशीवर निबंध लिहायचा तर त्यांचे नाव घ्यावेच लागते.