लक्ष्मीबाई टिळकांची साथ

मराठी शाळेत शिकलेल्या प्रत्येकाला रेव्हरंड नारायण वामन टिळक हे नाव कवितेमुळे ठाऊक असते. पण माझ्या मनात घर केले ते त्यांच्या पत्नीने, लक्ष्मीबाईंनी. पतिनिष्ठा म्हटली की आपल्याला सावित्री आठवते. माझ्या ख्रिस्ती वर्गमित्रांना बायबलमधली रूथ आठवेल. विधवा झालेल्या या सुनेने आपल्या सासूची, नामीची, साथ सोडली नाही. सासूचा देश आणि देवही तिने वाटेवरच आपला मानला. लक्ष्मीबाईंना मात्र ती वाट चालायला पाच वर्षे लागली. मला तेच अधिक मोलाचे वाटते.

नाशिकजवळच्या जलालपूरला १८६८ साली त्यांचा जन्म झाला. वडिलांचे सोवळे इतके कडक, की बाजारातून आणलेला जिन्नस धुतल्याशिवाय घरात येत नसे. अकराव्या वर्षी लग्न झाले. नवरा बुद्धिमान, कवी, पण एका ठिकाणी टिकेल तर शपथ! लक्ष्मीबाई शाळेत गेल्या नव्हत्या. लिहा-वाचायला शिकल्या त्या लग्नानंतर घरीच.

१८९३ च्या सुमारास आगगाडीत एका गोऱ्या सहप्रवाशाने टिळकांना बायबल दिले, आणि १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला. घरी आकांत झाला. मुलगा दत्तू तेव्हा चार वर्षांचा. त्या काळी अशा बाईची अवस्था काय होत असेल, याची कल्पना करून पाहा. नवरा जिवंत, म्हणून ती विधवा नाही. आणि नवऱ्याचे घर मात्र तिला बंद! नातेवाइकांच्या आधाराने पंढरपूरला दिवस काढताना दुःखातून त्यांना कविता सुचू लागली. टिळकांची पत्रे येत. त्यांना पत्नी परत हवी होती, पण धर्माची सक्ती त्यांनी केली नाही.

अखेर त्या मुलाला घेऊन अहमदनगरला नवऱ्याकडे गेल्या. पण लक्षात घ्या, त्या परत आल्या त्या नवऱ्याकडे, त्याच्या धर्माकडे नव्हे. सोवळे चालूच, स्वयंपाकपाणी वेगळे. टिळकांनीही ते चालू दिले. पुढे स्वतःच विचार करता करता त्यांना पटले, की देवाने माणूस घडवला, जात घडवली नाही. आणि त्यांनी कुणाच्याही हातचे खायला-प्यायला सुरुवात केली. बाप्तिस्मा त्यानंतर, १९०० साली. निष्ठा आधी आणि श्रद्धा मागाहून, असा हा क्रम आहे.

पुष्कळ लेखांत त्यांना पतीची सावली म्हटलेले असते. मला ते मुळीच पटत नाही. सावली भांडत नाही. लक्ष्मीबाई भांडत, रुसत आणि नवऱ्याच्या विक्षिप्तपणाला मनसोक्त हसत. टिळकांच्या हातात पैसा आला की भेटेल त्या गरजूला जाई. आम्हा कॉमर्सवाल्यांनी त्या घराची खातेवही लिहायला घेतली, तर जमेची बाजू शोधावी लागेल! तरी त्याच घरात अनाथ मुले वाढली, आणि नगरला प्लेग आला तेव्हा लक्ष्मीबाई रोग्यांच्या छावणीत सेवेला गेल्या. लहानपणी ज्यांना शिवाशिवीचे धडे मिळाले, त्याच या बाई.

१९१७ साली टिळकांनी मिशनचे काम सोडले, पगार सोडला आणि साताऱ्यात ‘देवाचा दरबार’ मांडला. उतारवयात पुन्हा अनिश्चितता! लक्ष्मीबाई याही वेळी बरोबर होत्या. ९ मे १९१९ रोजी टिळक गेले. जाताना ‘ख्रिस्तायन’ हे येशूचे ओवीबद्ध चरित्र दहा-अकरा अध्यायांवर अपुरे राहिले.

यानंतरचा भाग मला सर्वांत विलक्षण वाटतो. मुलाबरोबर त्या कराचीला गेल्या आणि ‘स्मृतिचित्रे’ लिहिली. १९३४ पासून ती पुस्तकरूपाने येऊ लागली. त्यांत टिळकांचे दोष झाकलेले नाहीत, तरी पानोपानी माया आहे. आमच्या घरी या पुस्तकाची प्रत हातोहात फिरून पार खिळखिळी झाली आहे. शिवाय पतीचे अपुरे काव्यही त्यांनी हाती घेतले. ज्या धर्मापायी एके काळी संसार मोडला, त्याच धर्माच्या येशूची कथा त्या ओवीत गुंफत बसल्या, आणि एक-दोन नव्हे, तब्बल ६४ अध्याय त्यांनी लिहिले. २४ फेब्रुवारी १९३६ रोजी त्यांचे निधन झाले, तेव्हा ‘ख्रिस्तायन’ पुस्तकरूपाने निघायचे होते.