तारखांचा हिशोब चोख ठेवणारे पिसुर्लेकर

चोर्ला घाट उतरून आपण बेळगावकर साखळीमार्गे पणजी गाठतो. होंड्याकडे वळलं की सत्तरी तालुक्यातलं पिसुर्ले लागतं. खाणींमुळे हे गाव सगळ्यांना माहीत आहे. पण मराठ्यांच्या इतिहासाला भक्कम पुरावे देणारे डॉ. पांडुरंग पिसुर्लेकर इथलेच, हे किती जणांना ठाऊक आहे?

३० मे १८९४ चा त्यांचा जन्म. तेव्हा गोव्यात पोर्तुगीजांचं राज्य होतं. १९३० च्या सुमारास गोव्याच्या सरकारी दफ्तरखान्याची जबाबदारी त्यांच्याकडे आली आणि १९६१ पर्यंत ते तिथेच रमले. हा दफ्तरखाना १५९५ मधला. लिस्बनहून पावसाळी वाऱ्यावर येणाऱ्या जहाजांतली पत्रं, गोव्याच्या राज्य मंडळाचे ठराव, शेजारच्या राजांशी झालेले तह, सगळं इथं बांधून ठेवलेलं. पिसुर्लेकर ते कागद वाचत, लावत आणि छापत गेले. राज्य मंडळाच्या बैठकांचे पाच खंड त्यांनी १९५३ ते १९५७ या काळात काढले.

याचा उपयोग काय? संभाजी महाराजांचंच घ्या. त्यांची वाईट प्रतिमा ज्या चिटणीस बखरीमुळे पसरली, ती त्यांच्या मृत्यूनंतर सव्वाशे वर्षांनी लिहिलेली. शिवाय चिटणिसांचे पूर्वज बाळाजी आवजी यांना संभाजी महाराजांनीच मृत्युदंड दिला होता. लिहिणाऱ्याच्या घरातच राग होता म्हणायचा!

उलट गोव्याचे कागद त्याच दिवसांतले, तेही शत्रूचे. नोव्हेंबर १६८३ मध्ये व्हाइसरॉयने फोंड्याच्या किल्ल्याला वेढा घातला. संभाजीराजे चालून आले आणि त्याला माघार घ्यावी लागली. त्याच महिन्यात मराठ्यांनी जुवे बेटावर धडक मारली. शत्रूच स्वतःची फजिती लिहून ठेवतो, तेव्हा त्या पुराव्याचं वजन वाढतं. अर्थात पोर्तुगीज अधिकारीही वरिष्ठांसमोर स्वतःला सावरून घेणारच. म्हणून एकच कागद पुरत नाही, दुसऱ्याशी ताडून बघावा लागतो.

तिथंच तारखांची खरी गंमत आहे. मराठी कागदावर शक आणि तिथी, फारसीवर हिजरी सन. पोर्तुगीजांनी १५८२ मध्येच सुधारलेली दिनदर्शिका घेतली, इंग्रजांनी १७५२ मध्ये. त्यामुळे शिवकाळात एकाच दिवसाची इंग्रजी तारीख पोर्तुगीज तारखेपेक्षा दहा दिवस मागे पडते. शिवजयंतीची १९ फेब्रुवारी १६३० ही जुन्या पद्धतीची तारीख, नव्या पद्धतीने तो दिवस १ मार्च येतो. त्यातच इंग्रजांचं वर्ष २५ मार्चला बदलायचं. हे लक्षात घेतलं नाही तर उत्तर आधी आणि पत्र नंतर, असा घोटाळा होतो. आम्ही कॉमर्सवाले बँकेचं पासबुक आणि घरची वही जुळवतो ना, तसंच हे काम. एक तारीख चुकली की पुढचा सगळा ताळा चुकतो.

त्यांचा पोर्तुगेज-मराठे संबंध हा मराठी ग्रंथ १९६७ मध्ये आला आणि १९६९ मध्ये ते गेले.

आज मोबाइलवर रोज कुठला तरी ‘खरा इतिहास’ येतो. पुढे पाठवण्याआधी एवढंच विचारा: हे कुणी लिहिलं, कधी लिहिलं, आणि दुसरा कागद काय सांगतो? पिसुर्लेकरांनी आयुष्यभर हेच केलं.