विश्लेषण : रबराचा रेणू किती लांब? स्टाउडिंगर यांच्या वादाची ३३ वर्षे

बादली, टायर, नायलॉनची दोरी, मोबाइलचे कव्हर… या वस्तू अणूंच्या लांबच लांब साखळ्यांनी बनतात, हे आज शाळेत शिकवले जाते. शंभर वर्षांपूर्वी मात्र असे म्हणणाऱ्या जर्मन रसायनशास्त्रज्ञाला थट्टा सोसावी लागली. त्यांचे नाव हर्मन स्टाउडिंगर.

कोण होते स्टाउडिंगर?

जन्म २३ मार्च १८८१, वर्म्स. ओढा वनस्पतिशास्त्राकडे, पण झाडे समजून घ्यायची तर आधी रसायनशास्त्र शिकावे, असे वडिलांनी सुचवले. १९०५ मध्ये त्यांनी ‘कीटीन’ संयुगे शोधली, १९१२ मध्ये झुरिचला प्राध्यापक झाले. सारे सुरळीत असताना, चाळिशीच्या उंबरठ्यावर ते रबराच्या मागे लागले.

वाद नेमका काय होता?

रबर, सेल्युलोज म्हणजे छोट्या रेणूंचे क्षीण आकर्षणाने चिकटलेले पुंजके, असे बहुतेकांचे मत होते. स्टाउडिंगर यांनी १९२० मध्ये मांडले की, या पक्क्या रासायनिक बंधांनी जोडलेल्या साखळ्याच आहेत. अशा रेणूला त्यांनी पुढे ‘महारेणू’ म्हटले.

विरोधकांच्या मते, रबरातील दुहेरी बंधांमुळे छोटे रेणू एकमेकांना धरून राहत. स्टाउडिंगर यांनी रबराशी हायड्रोजनची अभिक्रिया घडवून ते दुहेरी बंधच संपवले. पुंजके खरे असते, तर सुटे झालेले रेणू ऊर्ध्वपातनाने वेगळे करता यायला हवे होते. तसे घडले नाही. नवा पदार्थ द्रावणात रबरासारखाच वागला. तरीही हाइनरिश वीलांड यांच्यासारख्या दिग्गजाने त्यांना हा नाद सोडायला सांगितले.

स्टाउडिंगर यांचेही सारेच बरोबर नव्हते. ते साखळीला ताठ काठी समजत. प्रत्यक्षात ती दोऱ्यासारखी वळते, गुंडाळते.

राजकारणाची झळ

पहिल्या महायुद्धात त्यांनी विषारी वायूला विरोध केला आणि फ्रिट्झ हाबर यांचा रोष ओढवला. ती भूमिका १९३३ मध्ये पुन्हा आडवी आली. फ्रायबर्ग विद्यापीठाचे तेव्हाचे कुलगुरू, तत्त्वज्ञ मार्टिन हायडेगर यांनीच त्यांच्याविरुद्ध नाझी यंत्रणेकडे तक्रार केली. नोकरी कशीबशी वाचली. १९४४ च्या बॉम्बहल्ल्यात त्यांची संस्था उद्ध्वस्त झाली.

दरम्यान, अमेरिकेत वॉलेस करोथर्स यांनी १९३५ मध्ये नायलॉन बनवले होते. स्टाउडिंगर यांना नोबेल मिळाले ते १९५३ मध्ये, वयाच्या ७२ व्या वर्षी. १९६५ मध्ये त्यांचे निधन झाले.

आता पुढे काय?

आता साखळ्या स्वतःहून रचना करतील अशा बेताने घडवल्या जातात. एक टोक पाण्याकडे ओढले जाणारे, दुसरे पाणी टाळणारे असेल, तर अशा साखळ्या पाण्यात आपोआप सूक्ष्म गोळे बांधतात. त्यांच्या पोटात औषध भरता येते. चिपवरील अतिसूक्ष्म नक्षी अशाच स्वयंरचनेतून उमटवण्याचे प्रयोग सुरू आहेत. खर्चापेक्षा मोठी अडचण आहे ती चुकांची : लाखो रेषांमध्ये एखादी जरी वाकडी गेली, तरी चिप वाया जाते.