केडगावचे कृपासदन

पुण्याहून दौंडकडे जाणारी गाडी धरली की साठेक किलोमीटरवर केडगाव स्टेशन लागते. आपल्या चऱ्होलीहून सकाळी निघालेला माणूस संध्याकाळी परत येऊ शकेल इतक्याच अंतरावर. तिथल्या मुक्ती मिशनचे नाव आपल्यापैकी बहुतेकांनी ऐकलेले आहे आणि ते उभे करणाऱ्या पंडिता रमाबाई शाळेच्या पुस्तकातूनही आपल्याला भेटलेल्या आहेत. पण मुक्तीमधल्या एका घराबद्दल फारसे कोणी बोलत नाही. त्या घराचे नाव कृपासदन. ‘कृपा’ हा शब्द आपण दर रविवारी मिस्साबलिदानात कितीदा तरी उच्चारतो. रमाबाईंनी तो एका घराला दिला. तो कोणासाठी दिला, ते आज पाहू.

रमाबाई कॅथलिक नव्हत्या, हे आधीच सांगून टाकलेले बरे. पण देवाची कृपा आपल्या ख्रिस्तसभेच्या कुंपणाशी येऊन थांबत नाही. दुसऱ्या व्हॅटिकन विश्वपरिषदेने १९६४ साली इतर ख्रिस्ती बांधवांमधील पवित्र आत्म्याच्या दानांचा आदर करायला आपल्याला शिकवलेच आहे. तेव्हा संकोच न करता पुढे जाऊ.

रमाबाईंचा जन्म २३ एप्रिल १८५८ रोजी गंगामूळच्या रानात झाला. वडील अनंतशास्त्री डोंगरे मोठे संस्कृत पंडित. बायकोला, म्हणजे लक्ष्मीबाईंना, त्यांनी संस्कृत शिकवले. एवढ्या कारणावरून धर्ममार्तंड खवळले आणि शास्त्रीबुवांनी गावापासून दूर रानात बिऱ्हाड थाटले. आपल्या शेजारच्या आळंदीत संन्याशाच्या पोरांचे काय हाल झाले, ते इथे कोणाला सांगायला नको. वाळीत टाकणे म्हणजे काय, हे रमाबाईंना पाळण्यातच कळले म्हणायचे.

पुढे हे कुटुंब तीर्थयात्रा करीत, पुराणे सांगत हिंडू लागले. १८७० नंतरच्या दुष्काळात जवळचे सगळे संपले. आधी वडील गेले, मग आई, मग थोरली बहीण. आईची तिरडी उचलायला चार माणसे मिळेनात. दोघे कसेबसे आले, तिसरा भाऊ श्रीनिवास, आणि चौथ्या रमाबाई. उंचीने कमी असल्यामुळे त्यांनी आपल्या बाजूचा भार डोक्यावर घेतला. तेव्हा त्या सोळा-सतरा वर्षांच्या असतील.

त्यानंतरचा भाग पुष्कळांना ठाऊक आहे. भावाबरोबर पायी भारतभर प्रवास, १८७८ साली कलकत्त्यात विद्वानांनी दिलेली ‘पंडिता’ आणि ‘सरस्वती’ ही बिरुदे, भावाचा मृत्यू, १८८० मध्ये बिपिनबिहारी मेधावी या बंगाली वकिलाशी जातीबाहेर विवाह. दोन वर्षेही झाली नाहीत तोच पती पटकीने गेले. पदरात तान्ही मनोरमा. ब्राह्मण विधवा, त्यातून जात मोडलेली. अशा अवस्थेत त्या १८८२ साली पुण्यात आल्या आणि पुढच्याच वर्षी इंग्लंडला गेल्या.

तिथे वाँटेज गावी अँग्लिकन धर्मभगिनींच्या मठात त्यांचा मुक्काम होता. एके दिवशी भगिनींनी त्यांना लंडनमधील फुलहॅम येथील आपले काम दाखवायला नेले. रस्त्यावर शरीर विकून जगणाऱ्या स्त्रियांना तिथे आसरा दिला जाई. रमाबाई थक्क झाल्या. त्यांना शास्त्रे मुखोद्गत होती आणि त्या शास्त्रांत अशा स्त्रीसाठी त्यांना केवळ शिक्षा आढळली होती. लंडनच्या सभ्य ख्रिस्ती घरांतही अशा बाईला उंबरा ओलांडू देत नसत, हेही खरे. आणि इथे चांगल्या घरच्या शिकलेल्या भगिनी त्याच बायकांची सेवा करीत होत्या. त्यांच्यातल्या काही बायका तर इतक्या बदलल्या होत्या की आता त्याच इतरांची शुश्रूषा करीत होत्या. हे सारे कशामुळे, असे रमाबाईंनी विचारले. तेव्हा एका भगिनीने त्यांना योहानच्या शुभवर्तमानातील चौथा अध्याय वाचून दाखवला. शोमरोनी स्त्री भर दुपारी विहिरीवर येते. पाच नवरे झालेली, गावाने टाकलेली. प्रभू येशू तिच्याकडे पाणी मागतो, तिच्याशी बोलत बसतो. रमाबाईंचे मन तिथे वळले. आधी आयुष्यभर ऐकलेल्या प्रवचनांनी, वादविवादांनी जे झाले नव्हते ते एका घरातले काम पाहून झाले. २९ सप्टेंबर १८८३ रोजी त्यांनी मनोरमेसह स्नानसंस्कार घेतला.

पुढे या भगिनींशी त्यांचे कडाक्याचे मतभेद झाले. धर्मसिद्धांतांवरून, आज्ञापालनावरून पत्रापत्री झाली. रमाबाई कोणाच्या अधिकारापुढे सहज मान तुकवणाऱ्या नव्हत्या आणि सिस्टर जेराल्डीनही मऊ नव्हत्या. पण दोघींनी एकमेकींना टाकले नाही. सिस्टर जेराल्डीन यांनी रमाबाईंची पत्रे जपून ठेवली, ती १९७७ साली ग्रंथरूपाने आली. आपल्याकडे एखाद्या धर्मग्राम सभेत आवाज चढला की दोन घरे वर्षभर एकमेकांना ‘शांती असो’ म्हणत नाहीत. त्या मानाने हे थोडे नव्हे.

कृपा ही इतरांना हवी असते, आपल्याला नव्हे, असे भल्या माणसांना वाटत राहते. रमाबाईंचेही तसेच झाले असावे. स्नानसंस्कारानंतर सुमारे आठ वर्षांनी त्यांना उमगले की आपण ख्रिस्ती धर्म स्वीकारला, पण ख्रिस्त अजून भेटायचा आहे. तारण हे विद्वत्तेने किंवा चांगल्या कामाने कमावता येत नाही, फुकटच घ्यावे लागते, हे त्यांनी तेव्हा मान्य केले. एवढ्या मोठ्या पंडितेला ते जड गेले असेल.

दरम्यान ११ मार्च १८८९ रोजी मुंबईत त्यांचे शारदासदन सुरू झाले होते. पुढच्या वर्षी ते पुण्यास आले. १८९३ साली धर्मांतराच्या आरोपावरून वादळ उठले, रानडे, भांडारकर यांच्यासारखे सल्लागार बाजूला झाले आणि कितीतरी पालकांनी मुली काढून नेल्या.

मग १८९६-९७ चा दुष्काळ आला. मध्य प्रांतातल्या बातम्या ऐकून रमाबाई स्वतः तिकडे गेल्या. दुष्काळ त्यांना पुस्तकातून कळायचा नव्हता. भुकेल्या मुली हेरून नेणारे दलाल तिथे हिंडत होते. रमाबाई तीनशेच्या आसपास मुली-बायका घेऊन आल्या. पुण्यात प्लेग, शहरात एवढ्या जणींना ठेवणे अशक्य. म्हणून केडगावच्या शेतावर तंबू ठोकले. १९०० च्या सुमारास, गुजरातच्या दुष्काळानंतर, मुक्तीत जवळजवळ दोन हजार जणी होत्या.

या काही निवडून आणलेल्या गुणी विद्यार्थिनी नव्हत्या. उपासमारीने शरीर खंगते तसे मनही खंगते. आणि त्यांच्यातल्या काहीजणी दलालांच्या हाती सापडून आलेल्या, काही रोगाने पोखरलेल्या. इतर संस्था जिथे हात जोडतात, तिथे रमाबाईंनी वेगळे घर काढले. तेच कृपासदन. फुलहॅमला पाहिलेले त्यांनी पंधरा-सोळा वर्षे मनात ठेवले होते.

हे घर इतर मुलींपासून वेगळे का ठेवले, असे आज कोणी विचारील. प्रश्न रास्त आहे. पण ते घरच नसते तर या बायकांना रस्त्याशिवाय काय होते, हेही पाहावे. तिथे नुसती कीवही नव्हती. सबंध मुक्तीतच घंटेवर उठणे, प्रार्थना, अभ्यास, काम असे चाले. विणकाम, तेलाचा घाणा, धुलाई, शेती, छापखाना. खाऊपिऊ घालून उपकृत करणे रमाबाईंना पसंत नव्हते. जिला कोणी हात लावीत नव्हते तिच्या हाताला त्यांनी काम दिले. अंध मुलींसाठी मनोरमाबाईंनी ब्रेल शिकून घेतले.

आपल्या भोवताली भोसरीपासून चाकणपर्यंत कारखाने आहेत. कामासाठी एकटी आलेली मुलगी, नवऱ्याने टाकलेली बाई भाड्याने खोली शोधते तेव्हा तिला काय काय विचारले जाते, हे आपण जाणतो. तीच बाई मिस्साला आली तर मागच्या बाकावर बसते. तिच्या शेजारी कोण बसते, हे आपण या रविवारी पाहायला हरकत नाही.

रमाबाईंची अखेरची वर्षे बायबलच्या मराठी भाषांतरात गेली. साध्या बाईला वाचता येईल अशी मराठी हवी म्हणून त्या हिब्रू आणि ग्रीक शिकल्या. २४ जुलै १९२१ रोजी मनोरमाबाई वारल्या. त्यानंतर नऊ महिन्यांच्या आत, ५ एप्रिल १९२२ रोजी, रमाबाईही गेल्या. भाषांतर पुरे झाले होते. संपूर्ण बायबल १९२४ साली केडगावच्याच छापखान्यातून बाहेर पडले. त्याचे खिळे जुळवणारे हात मुक्तीतल्या मुलींचे होते.